दुसऱ्याने बांधलेलं दुपंखी विमान घेताय? आधी काय, मग काय

फोन साधारण असा येतो. "दादा, विमान घेतलं. एस.ई.५ए.ची, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी (एकावर एक पंखांच्या) ब्रिटिश लढाऊ विमानाची प्रतिकृती, लाकडी सांगाडा, वर कापड, एकाच माणसाची जागा. शनिवारी आणायला जातोय, उडवतच आणीन म्हणतो. काही टिप्स?"

टिप एकच: उडवत आणू नकोस.

माणसं हुशार असतात, पण क्रम चुकवतात. आधी विमान, मग हँगर, मग शेपटीच्या चाकाचं शिक्षण, आणि तारा ताणणं, वजन करणं, कागद बघणं हे सगळं पहिल्या उड्डाणानंतर "सावकाश". अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं त्यात सगळ्यात वर होती. २०११ सालच्या अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती. हा लेख अशाच दुसऱ्या मालकासाठी आहे.

खालचे नियम अमेरिकेतले आहेत. भारतात ही वाट वेगळी आणि फार लांब आहे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणीसाठी २०१७ आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी २०१९ उजाडावं लागलं. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कागदांचा भाग सोडून लाकूड, कापड आणि तारांचं तेवढं घ्यावं.

१. विमान बघायला जाण्याआधी

पहिली गोष्ट हँगर. कापडाला ऊन खातं, लाकडाला ओल खाते, आणि बांधून ठेवलेलं हलकं दुपंखी विमान वादळात पतंगासारखं उचललं जातं. हँगरची किल्ली हातात नसेल तर जाहिराती बघू नका.

दुसरी गोष्ट विमा. कंपनीला आधीच विचारा की या जातीच्या विमानासाठी शेपटीच्या चाकाचे किती तास हवेत. तो आकडा तुमच्या लॉगबुकातल्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा निघेल.

तिसरी आणि मोठी गोष्ट शिक्षण. शेपटीचं चाक असलेलं विमान चालवायला प्रशिक्षकाची लॉगबुकात सही लागते. ती काही तासांत मिळते आणि तिथेच लोक फसतात. सही म्हणजे परवानगी, सवय नव्हे. तुमचं विमान एका सीटचं आहे, त्यात प्रशिक्षक बसू शकत नाही. पहिल्या उतरण्याच्या वेळी तुम्ही एकटे असणार आणि समोर इंजिनाच्या झाकणाशिवाय काही दिसणार नाही.

माझा सल्ला: जे-३ कब हे शेपटीच्या चाकाचं, दोन सीटचं जुनं विमान मागच्या सीटवरून उडवा, निदान दहा तास, गवताच्या पट्टीवर. पुढे प्रशिक्षकाची पाठ असल्यामुळे समोरचं दिसत नाही आणि डोळे आपोआप दोन्ही कडांवर जातात. हीच सवय पुढे वाचवते. मग पिट्ससारख्या दोन सीटच्या दुपंखी विमानात दोन-तीन तास घ्या. कसरती शिकायला नव्हे, थ्रॉटल बंद केल्यावर दुपंखी विमान किती झपाट्याने खाली येतं ते पोटात उतरवायला.

तपासा: वळणदार उतरणीने आणि इंजिन मंद ठेवून सलग दहा वेळा तीन चाकांवर उतरता आलं का? नसेल तर पुढची पायरी थांबवा.

२. कागद: किमतीवर बोलण्याआधी

विमानात चार कागद हवेत: गुलाबी रंगाचं विशेष उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, नोंदणी, वजन-संतुलनाचा कागद आणि चालवण्याच्या मर्यादांचं पत्र. विकणारे पहिले तीन दाखवतात. चौथं "कुठेतरी आहे". हे पत्र त्या एका विमानापुरतं दिलेलं असतं आणि ते नसेल तर विमान कायदेशीररीत्या उडू शकत नाही. हरवलं असेल तर नवं मिळवण्याचं काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही. विकणाऱ्याची नोंदणीसुद्धा विक्रीबरोबर संपते, त्यामुळे "माझ्या नोंदणीवर घेऊन जा" हे ऐकून घ्यायचं आणि विसरायचं.

लॉगबुकात दोन नोंदी शोधा. एक, चाचणीचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याची. हा टप्पा बहुधा २५ किंवा ४० तासांचा असतो, आणि नोंदीत स्टॉलचा (पंखांची उचल सुटते तो) वेग, चढण्याचे वेग आणि ते कोणत्या वजनाला, कोणत्या संतुलनाला मोजले हे लिहिलेलं असतं. ही नोंद नसेल तर विमान कितीही जुनं असो, अजून चाचणीतच आहे. दुसरी नोंद वार्षिक तपासणीची. त्यात विमान "सुरक्षितपणे चालवण्याच्या स्थितीत" आहे असे शब्द हवेत. कुणी "वार्षिक तपासणी केली, उड्डाणयोग्य" एवढंच खरडलं असेल तर ते कारखान्यातल्या विमानाचे शब्द आहेत, इथे चालत नाहीत.

थांबा: मूळ बांधणाऱ्याला मिळालेलं रिपेअरमन प्रमाणपत्र, म्हणजे त्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा परवाना, विमानाबरोबर विकलं जात नाही. तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकता, पण दर १२ महिन्यांची तपासणी सहसा परवानाधारक ए अँड पी (सांगाडा आणि इंजिन) मेकॅनिककडून करून घ्यावी लागते. लाकूड आणि कापड कळणारा मेकॅनिक आता कमी मिळतो. विमान घेण्याआधी तो शोधा, नंतर नव्हे.

३. विमानाची तपासणी: नाक, नख आणि बॅटरी

कॉकपिटमध्ये बसून फोटो काढायचा मोह आवरा. आधी शेपटीकडे जा. तळाचं झाकण काढून नाक आत घाला. कोरड्या लाकडाला पॉलिशचा आणि डोपचा (कापडावरच्या लेपाचा) वास येतो. कुबट वास आला तर ओल आहे. उग्र वास आला तर उंदीर आहेत, आणि त्यांचं मूत लाकडापेक्षा धातूच्या जोडांना जास्त खातं.

पंखाच्या खालच्या कडेला कापडात पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती रंगाने बुजली आहेत का ते काडीने बघा. माझ्या विमानात एका बाजूची चारही बुजली होती. रंगवणाऱ्याने फवारा नीटनेटका मारला होता, एवढंच.

पंखाचा मुख्य दांडा, म्हणजे स्पार, स्ट्रटच्या (दोन पंखांमधल्या खांबाच्या) जोडाजवळ बॅटरीच्या तिरप्या उजेडात बघा. तिथे प्लायवूडची पट्टी संपते त्या रेषेवर लाकडाच्या धाग्यांना आडवी, केसासारखी रेघ दिसली तर ती दाबाने पडलेली चीर असते. उभी चीर काही वेळा दुरुस्त होते. आडवी दिसली की व्यवहार संपला, चहा प्या आणि घरी या. बोल्टची भोकं गोल आहेत की लांबट, हेही तिथेच कळतं.

कापडाला टिचकी मारली की डग्ग्यावर थाप पडल्यासारखा घट्ट आवाज यायला हवा. पण आवाजाने ताण कळतो, मजबुती नाही. मजबुती टोचून बघायच्या यंत्राने मेकॅनिक बघेल, आणि तीही पंखाच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन लागतं. पंखाच्या आत दिवा धरून बाहेरून बघणं हा सोपा उपाय आहे. प्रकाश आरपार दिसला तर ऊन अडवणारा चंदेरी थर पातळ आहे.

४. घरी आणणं

सगळ्यात सुरक्षित वाट ट्रेलर. ज्याने हेच विमान वर्षभर उडवलं आहे असा माणूस उडवत आणून देत असेल तर तीही चालेल. तुम्ही स्वतः, अनोळखी विमानात, अनोळखी मुलखावरून, दोनशे मैल: हे नाही.

पंख काढण्याआधी प्रत्येक तारेला नंबराची पट्टी बांधा: वरचं टोक कुठे, खालचं कुठे, टोकाच्या जोडात किती आटे आत गेलेत. फोटो काढाच, पण फोटोत आटे मोजता येत नाहीत. तारा गुंडाळू नका. चपट्या, हवा कापणाऱ्या तारेला एकदा मुरड पडली की ती तार बाद.

५. पंख बसवणं आणि तारा ताणणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच: पंख एका बाजूला झुकतोय म्हणून आधी खालच्या तारा आवळल्या.

तारा दोन प्रकारच्या. वरून खाली बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या तारा जमिनीवर पंखांचं वजन धरतात, त्यांना लँडिंग वायर म्हणतात. खालून वर जाणाऱ्या फ्लाइंग वायर हवेत पंखांना धरून ठेवतात. आकार लँडिंग वायरने द्यायचा, फ्लाइंग वायरने तो फक्त बांधायचा. क्रम असा:

क) सांगाडा समपातळीत आणा. शेपूट घोडीवर चढवा, वरच्या लांब दांड्यावर आणि आडवी, दोन्हीकडे लेव्हल लावा. हँगरचं दार बंद ठेवा, वाऱ्यात ओळंबा स्थिर राहत नाही.

ख) मधला वरचा तुकडा, पायलटच्या डोक्यावरचा, आधी चौकोनात बसवा. त्याचे दोन्ही कर्ण सारखे हवेत. हा तुकडा वाकडा राहिला तर पुढचं सगळं वाकडं होतं आणि तुम्ही आठवडाभर पंखांना दोष देत बसता.

ग) वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे आहे ते ओळंब्याने मोजा, बांधणीच्या नकाशातल्या आकड्याशी जुळवा.

घ) पंख लावा, लँडिंग वायरने टोकांची उचल ठरवा. मग पुढच्या आणि मागच्या स्ट्रटपाशी पंखाचा कोन मोजा, आतल्या आणि बाहेरच्या टोकाला, दोन्ही बाजूंना.

च) आता फ्लाइंग वायर. दोन्ही बाजू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा.

छ) शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरी लावून अंतर मोजा. दोन्ही सारखी यायला हवीत.

ज) पुन्हा (ख)पासून सगळं मोजा. च करताना ख हलतोच.

ताण किती? नकाशात आकडा असेल तर ताणमापकाने तोच लावा. पण फ्लाइंग वायर जिथे जोडीने असतात तिथे जोडीतल्या दोघींचा ताण सारखा हवा, नाहीतर एक सगळा भार ओढते आणि दुसरी नुसती दिसायला असते. सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या जोडीला मधोमध टिचकी मारा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांसारखा दोघींचा स्वर एक लागला पाहिजे. माझ्या हँगरमध्ये गाणं शिकलेली एक बहीण पाहुणी म्हणून आली होती. तिने डोळे मिटून "उजवीकडची पुढची उतरलीय" म्हणून सांगितलं, आणि मापकाने तिला दुजोरा दिला. मात्र कान फक्त फरक सांगतो. ताण बरोबर आहे की नाही ते मापकच सांगतो.

जास्त ताण म्हणजे जास्त सुरक्षा, हा गैरसमज. लाकडी स्पारवर जोडाखालचं लाकूड दाबलं जातं, भोकं लांबट होतात आणि मग तार पुन्हा सैल पडते.

तपासा: तारेच्या टोकाच्या जोडात एक बारीक भोक असतं. त्यात सेफ्टी वायरचा (जोड सुटू नये म्हणून गुंडाळायच्या बारीक तारेचा) तुकडा घालून बघा. आत शिरला तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत. टर्नबकलच्या (तार ताणायच्या पेचाच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. शेवटी सगळ्यांना सेफ्टी वायर. आणि तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथली लाकडी पट्टी विसरू नका. ती सैल असेल तर तारा हवेत भुणभुणतात आणि तिथेच झिजतात.

६. वजन

लॉगबुकातलं वजन बांधणाऱ्याच्या काळातलं असतं. नंतर कुणी बॅटरी बदलली, कुणी खोटी लुईस मशीनगन वरच्या पंखावर चढवली. पुन्हा वजन करा, तीन काट्यांवर, शेपूट उचलून उड्डाणाच्या स्थितीत.

मग पायलट. माझं विमान बांधणारा १४५ पौंडांचा होता, मी हिवाळी जाकीट आणि बुटांसकट १९०. फरक ४५ पौंड, म्हणजे २० किलो. सीट गुरुत्वमध्याच्या ३० इंच मागे आणि एकूण वजन १,१०० पौंड धरलं तर ४५ × ३० ÷ १,१०० = सुमारे सव्वा इंच मध्य मागे सरकला. एकूण मुभाच काही इंचांची असते. मध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला की विमान स्टॉलमधून नाक खाली घालायला नकार देतं.

नेहमीची चूक: हिशोब फक्त भरल्या टाकीचा करणं. टाकी पायलटच्या पुढे असते, म्हणून इंधन जळत जातं तसा मध्य मागे सरकतो. रिकाम्या टाकीचा हिशोब आधी करा.

७. इंधन आणि इंजिन

बहुतेक प्रतिकृतींत टाकी वर आणि इंजिन खाली असतं, इंधन आपल्याच वजनाने उतरतं. ते पुरेसं उतरतं का हे मोजल्याशिवाय उडू नका. नाक चढण्याच्या कोनात उंच करा, टाकीत थोडंच इंधन ठेवा, कार्बुरेटरची नळी सोडून बादलीत धार मोजा. पूर्ण शक्तीच्या गरजेच्या दीडपट धार हवी. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी ५५ पौंड धरा, दीडपट म्हणजे ८२.५ पौंड. गॅलनला ६ पौंड या हिशोबाने ताशी पावणेचौदा गॅलन. थोडक्यात, एक गॅलन ४ मिनिटं २० सेकंदांच्या आत भरला पाहिजे. पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल वापरू नका. जुन्या टाकीतला आतला लेप त्याने सुटतो आणि चाळणीत जाऊन बसतो.

कॉन्टिनेंटल कंपनीच्या सी-८५ इंजिनाच्या काही जातींना स्टार्टरची सोयच नसते, प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो. हे व्हिडिओ बघून शिकू नका. शेपूट बांधलेली, चाकांना अटकाव, आणि कॉकपिटमध्ये ब्रेक, थ्रॉटल आणि स्विच कळणारा माणूस. हौशी मेहुणा नको. "स्विच ऑफ" म्हटलं तरी प्रोपेलर जिवंतच समजायचा, कारण ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची जमिनीला (अर्थला) जाणारी वायर तुटली की स्विच नुसता शोभेला उरतो. इंजिन बंद करण्याआधी मंद वेगात स्विच क्षणभर ऑफ करून बघा. इंजिन चालूच राहिलं तर ती वायर तुटली आहे.

८. जमिनीवर

तास-दोन तास फक्त चालवा. नागमोडी, चालत्या माणसाच्या वेगाने, स्टिक (विमान वळवायची हातातली दांडी) पोटाशी. वारा मागून असेल तर स्टिक पुढे.

शेपूट उचलून जोरात पळवायचा सराव पुष्कळ लोक सांगतात. मला तो पटत नाही. त्या वेगात विमान धड जमिनीवर नसतं, धड हवेत नसतं, आणि गिरकी खाऊन पंखाचं टोक घासण्याचे प्रकार तिथेच जास्त होतात. शेपूट उचलायची तर उडायच्या तयारीनेच.

९. पहिलं उड्डाण

सकाळी, पट्टीच्या सरळ रेषेत येणारा मंद वारा, गवताची पट्टी, मित्र एक-दोनच. कॅमेरेवाली गर्दी नको, तिच्यासाठी माणूस नको तेव्हा उडतो. खिशात काही सैल ठेवू नका. उघड्या कॉकपिटमधला वारा चिठ्ठी, टोपी, चष्मा, सगळं नेतो.

थ्रॉटल सावकाश. शेपूट सावकाश वर. झटक्यात उचललीत तर फिरत्या प्रोपेलरमुळे नाक डावीकडे ओढतं, उजवा पाय तयार ठेवा. वर गेल्यावर ३,००० फुटांवर पट्टीच्या डोक्यावरच राहा. हळूहळू वेग कमी करून स्टॉलची चाहूल कोणत्या आकड्यावर येते ते गुडघ्यावरच्या कागदावर लिहा. लॉगबुकातला आकडा दुसऱ्याचा होता, हा तुमच्या काट्याचा. कार्बुरेटरची गरम हवा उतरण्याआधी उघडा, कॉन्टिनेंटलची ही छोटी इंजिनं बर्फ धरण्यात पटाईत आहेत.

उतरताना वळत या किंवा विमान कडेने घसरवत या, म्हणजे पट्टी नाकाच्या बाजूने दिसत राहील. शेवटी सरळ करा, तीन चाकांवर टेकवा, स्टिक पोटाशी, आणि पाय थांबेपर्यंत जिवंत ठेवा. सैनिकी चालीच्या वेगावर आल्यावर "झालं" म्हणून पाय सैल सोडणारे मी दोघे पाहिले. दोघांचेही खालचे पंख दुरुस्तीला गेले.

थांबा: चढताना इंजिन गेलं तर नाक लगेच खाली, विचार नंतर. तारा, स्ट्रट, दोन पंख आणि उघडा कॉकपिट मिळून वेग दोन-तीन सेकंदांत खातात. कबमध्ये जेवढी उसंत मिळते तेवढी इथे मिळत नाही.

१०. पहिले दहा तास

प्रत्येक उड्डाणानंतर तारांना टिचकी. नवीन बसवलेले पंख पहिल्या काही तासांत बसतात आणि ताण उतरतो. विमान एका अंगाला झुकत असेल तर जड बाजूच्या मागच्या स्ट्रटपाशी कोन किंचित वाढवा, एका वेळी एकच बदल, मग एक उड्डाण, मग नोंद. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर, मग बनवणाऱ्याने सांगितलेल्या तासांनी, आणि ऋतू बदलला की टॉर्क रेंचने तपासा. इथल्या दमट उन्हाळ्यात फुगलेलं लाकूड जानेवारीच्या कोरड्या थंडीत आक्रसतं आणि बोल्ट सैल होतात.

रंगाची घाई करू नका. जुन्या विमानासारख्याच आकाराच्या प्रतिकृतीला नोंदणीची अक्षरं फक्त २ इंच उंचीची ठेवायची मुभा आहे, त्यामुळे लढाऊ विमानाचा रंग छान बसतो. पण आधी तारा बसू द्या, नव्या रंगावर हातोडी-पाने चालवायला जीव होत नाही.

दहाव्या तासाला तेल गरम असतानाच काढा, जाळी बाहेर घ्या, पांढऱ्या कापडावर धुऊन उन्हात धरा. काळी भुकटी चालेल. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा: चिकटले तर लोखंड, नाही तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. दोन्ही पुडीत घालून मेकॅनिककडे न्या, आणि त्याचा फोन येईपर्यंत हँगरला कुलूप.